भरवशाची बंदूक : परभणीची बदके आणि एका यंत्राची कसोटी

१/
ऑक्टोबर सरता सरता परभणी जिल्ह्यातील पूर्णा, दुधना आणि गोदावरीच्या डोहांवर उत्तरेकडील पाहुणे उतरू लागतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रांग अशी त्यांची मराठी नावे. मध्य आशिया, सायबेरिया आणि तिबेटचे पठार येथून निघालेले हे थवे मार्चपर्यंत दख्खनच्या पाण्यावर मुक्काम करतात. आज त्यांच्याकडे दुर्बिणीतून पाहिले जाते. शंभर वर्षांपूर्वी ते बंदुकीच्या नळीवरून पाहिले जात असे. हा धागा त्या बंदुकीविषयी आहे, आणि विशेषतः तिच्या भरवशाविषयी.

२/
१९०० साली अमेरिकेत एका नव्या बंदुकीचे पेटंट नोंदले गेले. चाप एकदा ओढला की एक बार उडावा, रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडावे आणि नवे काडतूस आपोआप नळीत बसावे, अशी तिची रचना होती. तिला अर्धस्वयंचलित बंदूक म्हणतात. अमेरिकेतील बदकांच्या शिकाऱ्यांनी ती उचलून धरली. दख्खनच्या शिकारी परंपरेत मात्र मान राहिला तो दुनळीचाच. असे का झाले, याचे उत्तर धुळीत, दमट हवेत, कागदी काडतुसांत आणि माणसांच्या उतरंडीत दडलेले आहे.

३/
प्रथम मुलूख समजून घेऊ. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली हाही तेव्हा त्याचाच भाग; १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि ती १९०३ पर्यंत टिकली. याच फौजेत नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन या अधिकाऱ्याने १९०५ मध्ये तिचा इतिहास लिहिला आणि १९२८ मध्ये दख्खनमधील शिकार व वन्यजीवनावर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी हिवाळा म्हणजे शिकारीचा हंगाम होता. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग परभणीवरून गेला आणि मुंबई व हैदराबादच्या दुकानांतील बंदुका नि काडतुसांच्या पेट्या या भागापर्यंत सहज पोहोचू लागल्या.

४/
पाण्याकाठी तीन प्रकारची माणसे पक्ष्यांच्या मागे असत. पहिला वर्ग जहागीरदार, वरिष्ठ अंमलदार आणि फौजी अधिकाऱ्यांचा. त्यांच्या हाती विलायती दुनळी. दुसरा वर्ग ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या पाटलांचा आणि शेतकऱ्यांचा. पिकाच्या राखणीसाठी ठेवलेली ती बंदूक कधीमधी पाण्याकडेही वळत असे. तिसरे फासेपारधी. त्यांच्या हाती घोड्याच्या केसांचे वा तातीचे फासे, जाळी आणि पक्ष्यांच्या सवयींचे पिढीजात ज्ञान. फाशाला दारू लागत नाही, तो भिजून निकामी होत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. भरवसा हाच निकष लावला, तर या तिघांत पहिला क्रमांक फाशाचाच लागला असता. तरीही प्रतिष्ठा मिळाली ती बंदुकीला, आणि पारध्यांच्या वाट्याला मात्र संशय आला. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

५/
आता हवामान. परभणीची काळी माती कोरडी असताना पिठासारखी बारीक उडते आणि ओली झाली की लोण्यासारखी चिकटते. बदकांच्या शिकारीत ही दोन्ही रूपे एकाच सकाळी भेटतात : छकड्यातून तळ्यापर्यंत जाताना धूळ, आणि पाणकणसांच्या आडोशाला बसताना चिखल. पावसाळ्याचे चार महिने बंदूक भिंतीवर टांगलेली असते आणि हवेतील दमटपणा तिच्या पोलादात शिरत असतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, लाकडी दस्ता आक्रसतो आणि तेल पातळ होऊन ओघळते. युरोप-अमेरिकेतील शिकारी कठीण हवामान म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बर्फ आणि गारठा असतो. दख्खनचे कठीण हवामान निराळे : धूळ, घाम आणि गंज.

६/
बदकाची शिकार बंदुकीकडे एक खास मागणी करते. छर्ऱ्यांच्या बंदुकीचा परिणामकारक पल्ला सुमारे ३५ ते ४० मीटरांचाच. थवा उठतो, डोक्यावरून जातो आणि काही क्षणांत पल्ल्याबाहेर होतो. दुनळीतून तेवढ्या वेळात दोन बार निघतात. त्यातही जखमी झालेले बदक पाण्यात पडले की पोहत लव्हाळ्यात शिरते आणि हाती लागत नाही. ते पुढे तडफडून मरते. त्यामुळे तिसऱ्या बाराची आवश्यकता केवळ हावरेपणातून आलेली नव्हती. घायाळ पक्ष्याला लगेच मुक्त करण्यासाठीही तो हवा, असा युक्तिवाद अर्धस्वयंचलित बंदुकीचे समर्थक करीत, आणि त्यात तथ्य होते. पण तिसरा बार हवा असेल तेव्हाच बंदूक अडली, तर त्या युक्तिवादाला काही अर्थ उरत नाही.

७/
दुनळीचे बळ तिच्या साधेपणात होते. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये अॅन्सन आणि डीली यांनी जी बंद पेटीची यंत्ररचना काढली, तिच्यात हलणारे भाग थोडे आणि झाकलेले. महत्त्वाची गोष्ट अशी की दुनळी म्हणजे एका दस्त्यावर बसविलेल्या दोन बंदुका होत : दोन नळ्या, दोन कळा आणि बहुधा दोन चाप. एक कळ बिघडली तरी दुसरी चालते. काडतूस फुटले नाही तर बंदूक मोडून ते बोटांनी काढता येते. नळीत चिखल गेला असेल तर मोडलेल्या बंदुकीच्या नळीतून आरपार पाहून खात्री करता येते. गावापासून वीस मैलांवर असलेल्या माणसाला यंत्रशास्त्र न शिकताही तिचा बिघाड समजतो.

८/
तिची उणीव एकच : दोन बारांनंतर ती रिकामी होते. या उणिवेवर सरंजामी व्यवस्थेने यंत्राऐवजी माणूस शोधला. मोठा शिकारी एकसारख्या दोन दुनळ्या बाळगी आणि त्याच्या मागे काडतुसे भरणारा नोकर बसे. साहेब एक बंदूक झाडीत असता नोकर दुसरी भरी. हातात हात बदलत बंदुका फिरत राहत. अर्धस्वयंचलित बंदुकीत जे काम स्प्रिंग आणि बंदुकीचा धक्का करतात, ते येथे माणसाचे हात करीत. ज्या समाजात असे हात स्वस्त होते, तेथे नव्या यंत्राची गरज कमी भासली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा धडा वारंवार भेटतो : यंत्र स्वीकारले जाते की नाही, हे त्याच्या गुणांइतकेच ते कोणाच्या श्रमाची जागा घेते यावरही ठरते.

९/
हे यंत्र १९०० च्या आसपासच का अवतरले? त्याचे कारण दारूत आहे. जुनी काळी दारू जळली की तिच्यातील निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरते. तीच ती काजळी आणि तोच तो दाट धूर. अशा काजळीत सरकते भाग पाच-दहा बारांतच जखडले असते. १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने रायफलसाठी यशस्वी धूरविरहित दारू तयार केली. छर्ऱ्यांच्या बंदुकीसाठीही तशा दारू प्रचारात होत्याच. नळी आणि यंत्र तुलनेने स्वच्छ राहू लागले, तेव्हाच स्वतःला भरून घेणाऱ्या बंदुकीची कल्पना व्यवहारात उतरू शकली. भरवशाची पहिली अट अशी रसायनशास्त्राने पुरी केली.

१०/
त्या संधीचा लाभ घेणारा कारागीर म्हणजे अमेरिकेतील युटा प्रांताचा जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याने आपली रचना प्रथम विंचेस्टर कंपनीला देऊ केली. पण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे मोबदला देण्यास कंपनी तयार झाली नाही. मग तो रेमिंग्टनकडे गेला. तेथील अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची भेट होण्यापूर्वीच, जानेवारी १९०२ मध्ये, त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. तेव्हा ब्राउनिंगने बेल्जियम गाठले आणि लिएजजवळच्या एर्स्ताल येथील एफएन कारखान्याशी करार केला. ‘ऑटो-५’ या नावाने प्रसिद्ध झालेली ही बंदूक जवळजवळ विसावे शतक संपेपर्यंत तयार होत राहिली. १९०५ पासून रेमिंग्टननेही परवान्याखाली तिची आवृत्ती काढली. स्वतः ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याच बेल्जियन कारखान्यात मरण पावला.

११/
ती चालते कशी? बार उडाला की नळी आणि तिला जखडलेला खटका हे दोन्ही भाग धक्क्याने एकत्र मागे सरकतात, काडतुसाच्या लांबीहून अधिक अंतर. मागे पोहोचल्यावर खटका तेथेच अडतो आणि नळी स्प्रिंगच्या जोराने पुढे जाते. त्याच वेळी रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मग नळीखालच्या नळकांड्यातून नवे काडतूस वर उचलले जाते आणि खटका ते नळीत ढकलून बंद होतो. नळकांड्यात चार आणि नळीत एक अशी पाच काडतुसे. ही सारी क्रिया डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरी होते. परंतु तिच्यातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते. साखळीची एक कडी अडली की पाचही काडतुसे निरुपयोगी.

१२/
या रचनेतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे नळकांड्यावर बसविलेली घर्षणकडी. जोरकस काडतूस वापरायचे असेल तर कड्या एका क्रमाने बसवायच्या, हलके वापरायचे असेल तर दुसऱ्या क्रमाने. क्रम चुकला आणि जोरकस काडतूस झाडले, तर धक्का अंगावर येतो आणि पुढचे लाकूड तडकते. उलट चूक झाली, तर नळी पुरेशी मागेच सरकत नाही आणि बंदूक अडते. नळकांड्यावर तेल जास्त झाले तर घर्षण कमी होते. अगदीच कोरडे राहिले तर वाढते. म्हणजे या बंदुकीचा भरवसा कारखान्यात पुरा होत नसे. उरलेला भाग वापरणाऱ्याच्या समजुतीत होता. ती समजूत कागदावर छापून येई, पण बहुधा इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. आणि बंदूक उघडून पुसण्याचे काम ज्या नोकराकडे असे, त्याला त्या भाषा येत नसत.

१३/
आता हे यंत्र परभणीच्या मातीत ठेवून पाहू. गंजाच्या भीतीने बंदुकीला भरपूर तेल लावण्याची रीत होती. दुनळीला त्याने फारसे बिघडत नाही. तिचे यंत्र बंद पेटीत असते. अर्धस्वयंचलित बंदुकीच्या कुशीला मात्र रिकामे काडतूस बाहेर टाकण्यासाठी खिडकी असते. त्या खिडकीतून काळ्या मातीची धूळ आत जाते, तेलात मिसळते आणि तिची खरवडणारी लेप तयार होते. वाळू सरकत्या भागांना ओरखडते, पण निदान झटकून निघते. ही चिकणमाती तेलात मिसळून खाचांत ठाण मांडते. म्हणून जो उपाय गंजापासून वाचवतो तोच धुळीला आमंत्रण देतो. दमट आणि धुळकट अशा दोन्ही ऋतूंच्या मुलखात हा पेच सुटण्यास अवघड होता.

१४/
त्याहून मोठी अडचण काडतुसाची. १९६० पूर्वीचे सर्वसाधारण काडतूस म्हणजे पितळी बुडाची, मेण पाजलेली कागदी नळी. पावसाळा पाहिलेली किंवा आडोशाला बसताना खिशात भिजलेली अशी नळी फुगते. फुगलेले काडतूस दुनळीत अंगठ्याने दाबून बसवता येते. नाहीच बसले तर फेकून दुसरे घेता येते. अर्धस्वयंचलित बंदुकीत ते नळीच्या तोंडाशी अर्धवट अडकते आणि खटका ना पुढे जातो ना मागे. पूर्ण पितळी काडतुसे फुगत नसत, पण ती महाग पडत. शिवाय उष्ण गुदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या काडतुसांचा जोर सारखा राहत नसे, आणि या यंत्राला तर प्रत्येक बाराचा धक्का सारखा हवा असे. दुर्बळ काडतुसाने दुनळीचा नेम चुकेल. अर्धस्वयंचलित बंदूक मात्र थांबूनच जाईल.

१५/
तिसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट हा क्षार असे. बारानंतर त्याचे रूपांतर होऊन मिठासारखा क्षार नळीत उरतो आणि तो हवेतील ओल शोषून घेतो. तेलाने तो धुतला जात नाही. त्याला पाणीच लागते. म्हणून जाणते शिकारी नळीतून आधी उकळते पाणी ओतीत, मग ती सुकवीत आणि शेवटी तेलाचा बोळा फिरवीत. दुनळीच्या नळ्या एका हिसक्यात वेगळ्या होतात, त्यामुळे हे काम सोपे. अनेक भाग, स्प्रिंगा आणि कड्या असलेल्या यंत्रात पाणी शिरले तर ते नीट सुकवण्यासाठी सारी बंदूक खोलावी लागे. थकलेल्या संध्याकाळी हे कष्ट टळत, आणि पुढच्या हंगामात गंज त्याची वसुली करी.

१६/
बिघाड झालाच तर? ठासणीच्या बंदुकीचा घोडा वा कमान गावचा लोहार किंवा शिकलगार घासून-ठोकून जमवू शकत असे. दुनळीची कळ जाणकार कारागीर उघडू शके. ब्राउनिंगच्या यंत्रातील उचलणी वा आकडी मोडली, तर तिचा बदली भाग समुद्रापारहून येणार. म्हणून दख्खनमध्ये दुनळीला मिळालेली पसंती केवळ इंग्रजी शिष्टाचाराची नक्कल नव्हती. शिष्टाचाराचाही त्यात वाटा होता. दोनच बारांत पक्ष्याला सुटण्याची संधी देणे हे सभ्यपणाचे लक्षण मानले जाई. पण या नाकापुढे चालणाऱ्या शिष्टाचाराखाली धूळ, कागद आणि अंतर यांचा रोखठोक हिशेब होता.

१७/
यावरून ती बंदूक मुळातच कच्ची होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९४८ ते १९६० या काळात मलायाच्या जंगलात बंडखोरांशी लढताना ब्रिटिश सैन्याने हीच ब्राउनिंग बंदूक वापरली. तेथील पाऊस आणि ओल दख्खनच्या कितीतरी पट. फरक होता तो मागच्या व्यवस्थेत : ताजी काडतुसे, शिकविलेले सैनिक, रोजची साफसफाई आणि हाताशी असलेले शस्त्रकारागीर. तेच यंत्र एका ठिकाणी विश्वासू ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी लहरी. भरवसा हा बंदुकीचा एकटीचा गुण नसतो. दारू, काडतूस, तेल, हात आणि दुरुस्ती या सगळ्या साखळीचा तो गुण असतो.

१८/
जेथे ही साखळी पुरी झाली, तेथे काय घडले? अमेरिकेत लोहमार्ग, स्वस्त काडतुसे आणि जलद बंदुका एकत्र आल्या आणि बाजारासाठी बदके मारणारा एक धंदाच उभा राहिला. लवकरच लोकांच्या लक्षात आले की बंदुकीचे अडणे हेच आजवर पक्ष्यांचे एक संरक्षण होते. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०७ मध्ये शिकारीसाठी अशा बंदुकांवर बंदी घातली. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. अखेर १९३५ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एका वेळी तीनहून अधिक काडतुसे राहू नयेत असा नियम केला. नळकांड्यात लाकडी खुंटी बसवून ती जागा बुजवावी लागे. एका कारागिराने मोठ्या हुशारीने मिळवलेली जागा दुसऱ्याने खुंटी ठोकून बंद करावी, हे दृश्य विसाव्या शतकाविषयी बरेच काही सांगून जाते.

१९/
त्याच १९३५ साली बिहारमधील दरभंग्याच्या परिसरात गुलाबी डोक्याच्या बदकाची रानातील शेवटची खात्रीशीर नोंद झाली. तो पक्षी बंदुकीनेच टिपला गेला होता. पाणथळ जागा नांगराखाली गेल्या आणि शिकार चालूच राहिली. या दोन्हींच्या कात्रीत तो सापडला. तीनच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, भरतपूरच्या पाण्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीदाखल एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा आजही केवलादेव येथे दगडावर कोरलेला आहे. त्या दिवशी बंदुका सुमारे चाळीस होत्या. संहाराला अर्धस्वयंचलित यंत्राचीच गरज असते असे नाही. बंदुका भरून देणारे पुरेसे हात मागे असले की काम भागते, हे या दगडावरून कळते.

२०/
बंदुकीचा आणखी एक उपयोग याच काळात हैदराबाद संस्थानात होत होता. १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी निजाम सरकारच्या आश्रयाने संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्याचा वृत्तांत ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः छापला गेला. त्या काळी पक्ष्याची पक्की ओळख म्हणजे त्याचा नमुना, आणि नमुना मिळविण्याचे साधन बंदूक. तेव्हा मारलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरील चिठ्ठ्यांमुळेच दख्खनमध्ये कोणता पक्षी कोठे आढळत होता, हे आज ठाऊक आहे. शिकारीच्या बंदुकीची गणती मारलेल्या पक्ष्यांची. अभ्यासाच्या बंदुकीची गणती कळलेल्या पक्ष्यांची. साधन एकच, हिशेब निराळे.

२१/
सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. काडतुसे भरून देणारा नोकर, पाणी राखणारा पहारा आणि थवा उठवणारी वेठ यांवर उभी असलेली शिकार आतून कोसळली. शस्त्रांचे परवाने भारतीय कायद्याखाली आले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि १९६२ च्या नियमांनी त्यांची नवी चौकट घातली. त्या नियमांच्या वर्गवारीत अर्धस्वयंचलित शस्त्रे साध्या दुनळीहून वेगळी काढली गेली. आयातीवरील निर्बंधांमुळे विलायती बंदुका आणि काडतुसे दुर्मीळ झाली. सामान्य परवानाधारकाच्या हाती उरली ती बारा बोअरची दुनळी आणि सरकारी कारखान्यांची काडतुसे.

२२/
नेमक्या याच काळात जगात त्या यंत्राचे जुने आजार एकामागून एक बरे झाले. १९६० मध्ये रेमिंग्टनने प्लॅस्टिकचे काडतूस बाजारात आणले; ते भिजून फुगत नव्हते. टोपीतील क्षारही तोपर्यंत बदलले होते. १९६३ मध्ये त्याच कंपनीची ‘११००’ ही वायुचलित बंदूक आली. नळीतील थोडा वायू छिद्रातून बाहेर घेऊन त्याच्या दाबाने खटका मागे ढकलायचा, ही तिची रीत. नळी हलत नाही आणि धक्का सौम्य लागतो. मात्र वायूबरोबर काजळीही यंत्रात येते. इटलीतील उर्बिनो येथे १९६७ मध्ये सुरू झालेल्या बेनेल्ली कंपनीने दुसरी वाट काढली. तिच्या बंदुकीत वायू यंत्रात येतच नाही. बंदूक मागे सरकते, जड खटका जडत्वाने जागीच राहू पाहतो आणि या फरकातून दबलेली स्प्रिंग पुढचे काम करते. चिखल, मीठ आणि थंडी यांत बदकांचे शिकारी पुढे याच रचनेवर भिस्त ठेवू लागले. हलके काडतूस मात्र तिलाही मानवत नाही.

२३/
आणि याच दशकात परभणीच्या पाण्याचा नकाशाही बदलला. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरी धरण उभे राहिले. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले आणि त्याचा डावा कालवा परभणीच्या शेतांपर्यंत आला. पूर्वी डोहांत आणि लहान तळ्यांत विखुरणारी बदके आता विस्तीर्ण जलाशयांवर एकवटू लागली. न भिजणारे काडतूस, न अडणारी बंदूक आणि थव्यांनी भरलेले मोठे पाणी अशा तिन्ही गोष्टी इतिहासात प्रथमच एकाच वेळी अस्तित्वात होत्या. दख्खनच्या हवामानाने पन्नास वर्षे या बंदुकीला रोखून धरले होते. आता हवामानाला ते जमणार नव्हते.

२४/
रोखणारा कायदा त्या सुमारास आला. वन्यजीव संरक्षण अधिनियम ९ सप्टेंबर १९७२ चा. सामान्य समज असा की त्या दिवसापासून भारतात शिकार थांबली. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मूळ कायद्यात लहान शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती आणि बरीचशी बदके चौथ्या अनुसूचीत होती. शिकारीचे ते दार पुरते बंद झाले ते १९९१ च्या दुरुस्तीने. दरम्यान १९८६ मध्ये गोदावरीवरील जायकवाडी आणि नांदूर-मधमेश्वर ही पक्षी अभयारण्ये घोषित झाली. नांदूर-मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

२५/
१९९१ हेच साल अमेरिकेतही महत्त्वाचे ठरले. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यावरील बंदी त्या वर्षी तेथे देशभर लागू झाली. बदके अन्न दळण्यासाठी चिखलातील बारीक खडे गिळतात. त्या खड्यांबरोबर तळाशी साचलेले छर्रेही पोटात जातात आणि शिसे हळूहळू त्यांना मारते. नेम चुकला म्हणजे पक्षी वाचला, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली. चुकलेला बारही अनेक वर्षांनी एखादे बदक मारू शकत होता. बंदुकीच्या भरवशाचा विचार शतकभर चाप ओढण्यापासून काडतूस बाहेर पडण्यापर्यंत मर्यादित होता. छर्रे पुढे कोठे जातात, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

२६/
म्हणून या यंत्राचा इतिहास केवळ तांत्रिक प्रगतीची गोष्ट म्हणून वाचता येत नाही. प्रत्येक सुधारणेने बंदुकीतील एक दोष काढला, आणि त्या प्रत्येक दोषाने आजवर काही पक्ष्यांना वाचवले होते. फुगलेला कागद, अडलेला खटका, तेलात मिसळलेली काळी माती हे शिकाऱ्याचे शत्रू होते; बदकांच्या दृष्टीने ते पहारेकरी होते. ते पहारेकरी एकेक करून निवृत्त झाले, तेव्हा त्यांची जागा नियमाला घ्यावी लागली : कोठे लाकडी खुंटीने, कोठे अनुसूचीने, कोठे अभयारण्याच्या सीमेने. यंत्र जितके निर्दोष होत जाते, तितकी मर्यादा माणसाला स्वतःहून घालून घ्यावी लागते.

२७/
मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात धातूची कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. येलदरीच्या काठावर हिवाळ्यात उभा राहणारा निरीक्षकही संख्याच मोजतो, जशी शिकारीची वही मोजत असे. दोन्ही नोंदींत तारीख असते, जागा असते आणि पक्ष्याचे नाव असते. एक फरक मात्र आहे : शिकारीच्या वहीत उतरलेला पक्षी पुढच्या ऑक्टोबरात परत येत नसे.